अठ्ठ्याहत्तरावा किलोमीटर

घरापासून इस्पितळाच्या मागच्या फाटकापर्यंत चारशे सहा पावलं. हे पूलवाल्यांनी स्वतः मोजलेलं, म्हणजे त्यात एका पावलाचाही फरक असणं शक्य नाही. सैन्यात तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पूल बांधायचे, वेळ आली की सुरुंग लावून पूल उडवायचे, आणि दोन्हीच्या आधी अंतर मोजायचं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी खोड गेली नव्हती. वाण्याचं दुकान, टपालपेटी, जिन्याच्या पायऱ्या, सगळ्याचे आकडे त्यांना तोंडपाठ. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. पूलवाले म्हटलं की बास.

त्या इस्पितळात डायलिसिसची चार यंत्रं होती, आणि ती चालवत होती पूलवाल्यांची मुलगी. रोगी तिला मशीनताई म्हणत. सकाळी सातपासून ती लोकांच्या हातात सुया टोचायची, नळ्या जोडायची, रक्त गाळून निघेपर्यंत आकड्यांवर नजर ठेवायची. बेकरीवाला तिच्याकडे यायचा, शाळेतल्या मुख्याध्यापिका यायच्या, पलीकडच्या गल्लीतला कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा यायचा. तीन नंबरचं यंत्र दुपारनंतर रिकामं असायचं. तिथे बसून ती डबा खायची.

आणि तिचा सख्खा बाप? त्याचीही मूत्रपिंडं निकामी झालेली. त्यालाही आठवड्यातून तीनदा यंत्र लागायचं. तो मात्र दिवस उजाडायच्या आत व्हॅनमध्ये बसून, डोंगराला वळसा घालून, एकशे बारा किलोमीटरवरच्या सैनिकी इस्पितळात जायचा, आणि संध्याकाळी तेवढाच रस्ता तुडवत, पिळून काढलेल्या फडक्यासारखा होऊन परत यायचा. याला काय म्हणावं? मशीनताई जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नियम साधा होता. माजी सैनिकाचा खर्च सैनिकी इस्पितळाकडे. पण त्याचं घर तिथून चाळीस किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर त्याला घराजवळच्या इस्पितळात उपचार घ्यायचं पत्र मिळतं. ते पत्र असलं की यंत्रावर त्याचं नाव चढतं. पत्र नसेल तर नाही. एक रोगी, एक पत्र, एक किट. कपाटातली नळ्या-सुयांची किटं दर शनिवारी नावानिशी मोजली जात. मशीनताईने चोरून एक जरी लावलं असतं तरी सोमवारी तिची नोकरी गेली असती, आणि मग चारही यंत्रं बंद पडली असती, कारण गावात ती चालवणारं दुसरं कोणी नव्हतं.

चाळीसच्या वर हवं होतं, आणि एकशे बारा होतं. मग घोडं अडलं कुठे?

घोडं अडलं होतं पूलवाल्यांच्याच अर्जावर. तिथे ‘घरापासून सैनिकी इस्पितळापर्यंतचे अंतर’ या रकान्यात, त्यांच्या टाकाने लिहिल्यासारख्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: चौतीस.

“चौतीस?” पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मशीनताई किंचाळलीच होती. “बाबा, चौतीस कुठून काढलंत?”

“नकाशावरून. पट्टी लावली.”

“पट्टी! तुम्ही काय उडत जाता?”

“अंतर म्हणजे अंतर. या टोकापासून त्या टोकापर्यंत,” पूलवाले शांतपणे म्हणाले. “रस्ता किती आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं. रस्ता वेगळा लिहितात. आम्ही तीस वर्षं तसंच लिहिलं.”

हे असं होतं. दुसऱ्या कुठल्याही माणसाने बस किती वेळ घेते ते आठवून काहीतरी ठोकून दिलं असतं आणि ते बरोबर निघालं असतं. यांनी मात्र नकाशा काढला, पितळी पट्टी काढली, भिंग काढलं आणि सरळ रेषेत अगदी अचूक मोजलं. ती रेषा मधल्या नदीवरून जात होती. त्या नदीवर एके काळी पूल होता. लढाईच्या दिवसांत, शत्रू पलीकडच्या टेकडीवर आला तेव्हा, तो वरच्या हुकमावरून उडवला होता तोही पूलवाल्यांनीच. वर्षभरात नवा बांधू, असं तेव्हा सांगितलं होतं. अजून नुसते खांब उभे आहेत आणि त्यांवर बगळे बसतात. पूल असता तर रस्ताही चाळिसाच्या आत आला असता, म्हणजे पत्र लागलंही नसतं. नसल्यामुळे एकशे बारा. कागदावर चौतीस.

आकडा दुरुस्त करायला अर्ज होता. फक्त अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, ‘मी पूर्वी दिलेले अंतर चुकीचे होते’, आणि खाली सही. मशीनताईने तो कोरा अर्ज आणून चार महिने झाले होते. रोज सकाळी ती तो चहाच्या कपाशेजारी ठेवायची, आणि रोज पूलवाले कप उचलून अर्ज तिथेच ठेवायचे. आई गेल्यापासून घरात दोघंच. भांडायला तिसरं कोणी नाही, मध्ये पडायलाही नाही.

आधी तिला वाटलं, अहंकार. पूलवाल्याचं माप चुकलं असं स्वतःच्या हाताने लिहायचं म्हणजे काय, गाव हसेल! तिने गोडीने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा बशी आपटून फोडूनही पाहिली. म्हातारा ढिम्म हलला नाही.

त्यात तीन आठवड्यांपासून नवीनच सुरू झालं होतं. व्हॅन दारात येऊन हॉर्न वाजवायची आणि पूलवाले उठायचेच नाहीत. “आज नको. पाय दुखतोय.” आधी आठवड्यातून एक फेरी चुकली. मग दोन. मशीनताईला काय होतंय ते पाठ होतं, ते तिचं रोजचं काम होतं. पावलं सुजून चपलेत जाईनात. श्वास जिन्यावरच अडू लागला. एका दुपारी तिने घरीच त्यांचं रक्त काढून तपासायला दिलं. अहवाल हातात आला तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं. असंच चाललं तर महिनाभरसुद्धा नाही, हे सांगायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

ती तशीच ॲप्रनसकट घरी आली. पूलवाले खिडकीत बसले होते. तिथून इस्पितळाची मागची भिंत दिसते.

“सही करा,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी करते तुमच्या नावाने, आणि जाते तुरुंगात.”

“नको.”

“मरायचंय का तुम्हाला?”

पूलवाल्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली.

“मी तिथे बसून अख्ख्या गावाचं रक्त गाळते आणि माझा बाप खिडकीत बसून फुगत चाललाय! लोकांना काय सांगू? एका आकड्यासाठी गेला म्हणून सांगू?”

“एका आकड्यासाठी एक गेलाय ना आधीच,” पूलवाले म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात माजी सैनिक सहा. अर्ज आले तेव्हा सहाही जण यांच्याचकडे आले होते. कोणी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी, कोणी हृदयासाठी, कोणी तुटक्या पायासाठी. “अंतर तूच लिही रे बाबा, ते तुझं खातं,” असं म्हणून चहा पिऊन गेले. सहाही अर्जांवर चौतीस पूलवाल्यांनीच लिहिलं होतं. त्यातला एक अर्ज तोफवाल्यांचा होता.

तोफवाले म्हणजे तोफखान्यातले हवालदार, पूलवाल्यांचे जिवलग. कानांनी अधू, त्यामुळे बोलणं कायम वरच्या पट्टीत. मशीनताईला लहानपणी त्यांनी खांद्यावर घेऊन फिरवलेलं. त्यांचीही मूत्रपिंडं गेली होती. दोघं एकाच व्हॅनने जायचे, शेजारी शेजारी झोपून रक्त गाळून घ्यायचे आणि एकाच व्हॅनने परत यायचे. चार महिन्यांपूर्वी परत येताना, घाटातल्या वळणावर, तोफवाल्यांचा रक्तदाब उतरला. यंत्रावरून उठल्यावर तसा तो उतरतोच. माणूस इस्पितळात असला तर पाय वर करतात, सलाईन लावतात, दहा मिनिटांत उठून बसतो. मशीनताईने असे शेकड्याने उठवले होते. व्हॅनमध्ये होता एक ड्रायव्हर आणि एक पूलवाला. पूलवाल्यांनी त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेतले आणि ड्रायव्हरला गाडी हाक म्हणून सांगितलं. पुढचं गाव बावीस किलोमीटरवर होतं. तिथे पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

“मी जर लिहिलं की ते अंतर चुकीचं होतं,” पूलवाले म्हणाले, “तर मग त्याला मी मारला. पूल उडवला तो हुकमावरून. हे तर मी आपणहून लिहिलं.”

मशीनताईला बापाचा राग येत होता आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटत होतं. त्यातलं एकही न करता ती परत कामावर गेली. बेकरीवाला यंत्रावर वाट पाहत होता.

तिने माजी सैनिक कार्यालयाला फोन लावला. तो तिचा सतरावा फोन. तिकडच्या कारकुनाचा आवाज आता तिला ओळखीचा झाला होता.

“अहो, नकाशा बघा ना तुम्ही! मध्ये नदी आहे, पूल नाही. माणूस चौतीस किलोमीटरमध्ये येईल कसा?”

“मॅडम, अर्जदाराने स्वतः लिहिलंय. आम्ही कसं बदलणार?”

“पण तुम्हाला माहीत आहे ना, की ते चुकीचं आहे?”

“मला माहीत असून काय उपयोग? कागदावर यायला पाहिजे.” मग तो आवाज खाली आणून, जणू मोठी खूशखबर देत असल्यासारखा म्हणाला, “बरं का, आमचे साहेब येतायत पुढच्या बुधवारी तुमच्याकडे. माजी सैनिकांचा सन्मान आहे, तुमच्याच इस्पितळाच्या सभागृहात. वडिलांना नक्की आणा. फ्रेम मिळणार आहे.”

मशीनताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्रेम!

बुधवारी कार्यक्रम दहाचा होता. पावणेदहाला खुर्च्यांना पांढरी कव्हरं घालून झाली, माईक तपासून झाला, पाच म्हातारे पदकं लावून पहिल्या रांगेत बसले. पूलवाल्यांना मशीनताईने चाकांच्या खुर्चीत घालून आणलं, कारण चारशे सहा पावलं आता त्यांना झेपत नव्हती. दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजून गेले. हृदयवाले खुर्चीतच पेंगले. साहेब आले ते सव्वाला. उतरता उतरता कमरेला हात लावून म्हणाले, “काय रस्ता हो तुमचा! हाडं खिळखिळी झाली. साडेतीन तास!”

सगळे अदबीने हसले. मशीनताई हसली नाही.

साहेब आत गेले आणि त्यांचा ड्रायव्हर डायलिसिसच्या खोलीशी आला. सरकारी गाडीचं लॉगबुक होतं, त्यावर पोहोचल्याचा शिक्का हवा होता. शिक्केवाला कारकून सभागृहात हारांच्या गडबडीत होता. “तुमच्याकडे आहे का शिक्का? फक्त गाडी इथे आली एवढंच.”

मशीनताईने शिक्का काढला, लॉगबुक उघडलं आणि तिथेच थांबली. ‘प्रवासाचे कारण: माजी सैनिक सन्मान. कोठून: सैनिकी इस्पितळ परिसर. कोठपर्यंत: शासकीय रुग्णालय. अंतर: ११२ कि.मी.’ खाली साहेबांची सही, लफ्फेदार.

तिने शिक्का मारला. मग मागची पानं चाळली. दर वर्षी एक सन्मान, दर वर्षी एक फेरी. एकशे बारा, एकशे बारा, एकशे बारा. सहा वर्षं.

“दोन मिनिटांत आणून देते,” असं ड्रायव्हरला सांगून ती वही घेऊन थेट सभागृहात गेली आणि बापाच्या मांडीवर ठेवली.

“वाचा.”

पूलवाल्यांनी भिंग काढलं. ते एक पान वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी मागचं पान वाचलं, त्याच्या मागचं वाचलं. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा तिने आजवर पाहिला नव्हता तसा झाला होता. चार महिने त्या माणसाने सगळा राग स्वतःवर काढला होता. आता त्या रागाला दुसरा पत्ता मिळाला होता.

“यांना माहीत होतं,” ते म्हणाले.

“सगळ्यांना माहीत होतं, बाबा.”

व्यासपीठावरून नावं पुकारायला सुरुवात झाली होती. निवेदिका यादी वाचत होती आणि यादी जुनी होती, कारण दुसरंच नाव तोफवाल्यांचं आलं. “कृपया व्यासपीठावर यावं!” टाळ्या वाजल्या. कोणी उठलं नाही. निवेदिकेने आणखी गोड आवाजात पुन्हा पुकारलं. पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले.

“ने मला वर,” पूलवाले म्हणाले.

मशीनताईने खुर्ची पुढे घेतली. तीन पायऱ्या होत्या. पूलवाले खुर्चीतून उठले आणि कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर श्वास घेत, वर गेले. साहेब फ्रेम घेऊन हसतमुखाने पुढे आले.

“अभिनंदन, हवालदारसाहेब!”

“हवालदार वारले,” पूलवाले म्हणाले. समोर माईक होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. “चार महिने झाले. तुमच्या कार्यालयाने त्यांची फाइल बंद केली. त्या कागदावर मृत्यूचं ठिकाण लिहिलंय. मी साक्षीदार होतो, सही माझी आहे. ठिकाण, परतीच्या वाटेवरचा अठ्ठ्याहत्तरावा किलोमीटर.”

“अरेरे. मला खरंच कल्पना नव्हती...”

“त्याच फाइलमध्ये अर्ज आहे. घर ते इस्पितळ, चौतीस किलोमीटर. तेही मीच लिहिलं. चूक माझी.” इथे त्यांना दम लागला. मशीनताई पुढे झाली, त्यांनी हाताने तिला थांबवलं. “मी चुकलो, हे मी आज लिहून देतो. पण साहेब, तुम्ही मला एवढंच सांगा. चौतीस किलोमीटरच्या रस्त्यावर माणूस अठ्ठ्याहत्तराव्या किलोमीटरला मरतो कसा?”

साहेबांनी निवेदिकेकडे पाहिलं, निवेदिकेने यादीकडे पाहिलं.

“आपण नंतर, आत बसून, सविस्तर...”

“नंतर नाही,” मशीनताई खालूनच ओरडली. तिला माईकची गरज नव्हती. “सतरा फोन केलेत मी! तुम्ही स्वतः आत्ता म्हणालात, हाडं खिळखिळी झाली. एका फेरीत! हे आठवड्यातून तीनदा जातात, आणि येताना अंगात रक्तसुद्धा धड नसतं. ही बघा तुमची सही. एकशे बारा. गाडीसाठी एकशे बारा आणि माणसासाठी चौतीस?”

साहेबांची पाचावर धारण बसली. ते वाईट माणूस नव्हते, आणि याचाच मशीनताईला जास्त राग आला. वाईट असते तर निदान काही केल्यासारखं तरी झालं असतं. यांनी काहीच केलं नव्हतं. सहा वर्षं एक आकडा स्वतः लिहिला होता आणि दुसरा आकडा पुढे सरकवला होता.

दुरुस्तीचे कोरे अर्ज तिच्या ॲप्रनच्या खिशात होते; सहा जणांचं कळल्यावर तिने चहाच्या कपाशेजारच्या त्या अर्जाच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. व्यासपीठावरच्या टेबलावरचे हार बाजूला सारून तिने ते मांडले. पूलवाल्यांनी पहिला लिहिला. ‘मी पूर्वी दिलेले अंतर चुकीचे होते.’ अक्षर थोडं हललं. मग बाकीच्या चौघांनी आपापला लिहिला आणि साहेबांनी पाचही अर्जांवर तिथल्या तिथे ‘मंजूर’ लिहून सह्या केल्या. पेनला टोपण लावून ते उठणार, तेवढ्यात पूलवाल्यांनी सहावा कागद पुढे सरकवला.

“हा तोफवाल्याचा.”

“पण ते तर...” साहेब चाचरले. “आता त्याचा काय उपयोग?”

“माहीत आहे. माझं माप आहे ते. दुरुस्त करून ठेवा.”

साहेबांनी सही केली.

पत्रं यायला नऊ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत पूलवाले व्हॅनमधून चार वेळा गेले, एकदाही हॉर्न वाजवायला न लावता. दहाव्या दिवशी दुपारी मशीनताईने तीन नंबरच्या यंत्रावर बापाचं नाव चढवलं. त्यांनी डावी बाही वर केली. तिच्या हातून आजवर हजारो सुया टोचून झाल्या असतील, पण या वेळी तिला दोनदा हात पुसावा लागला.

“टपाल आलंय,” ती म्हणाली. “दोन पाकिटं आहेत. एक तुमचं. दुसरं काकांच्या नावाचं, त्यांच्या घराला कुलूप म्हणून पोस्टमनने आपल्याकडे दिलं.”

“वाच.”

तिने वाचलं. जाड, पांढराशुभ्र कागद होता. ‘आपल्या प्रकृतीचा विचार करता आपणांस कळविण्यात आनंद होतो की, आपणांस यापुढे घराजवळील रुग्णालयात उपचार घेण्याची परवानगी देण्यात येत आहे.’ खाली तोफवाल्यांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि सैन्यातला क्रमांक होता. तो कागद टराटरा फाडून त्या साहेबाच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटत होतं.

“अंतर किती लिहिलंय?” पूलवाल्यांनी विचारलं.

“एकशे बारा.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि सुईसाठी हात पुढे केला.